दात-दात, पण टूथ-टीथ: इंग्रजीतली अनियमित अनेकवचने मराठी शाळेतून आलेल्या मुलांना कशी शिकवावीत

गोव्यात कितीतरी मुले घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला हायस्कुलात गेली की एका सुट्टीनंतर त्यांचे जवळजवळ सगळे विषय इंग्रजी होतात. डिचोलीत मी अशा मुलांची संध्याकाळची शिकवणी घेते. विज्ञानाच्या वहीत 'टू टूथ', निबंधात 'मेनी चाइल्ड', आणि ती चूक दाखवली की पुढच्या वेळी 'चिल्ड्रन्स'. पूर्वी मी व्याकरणाच्या पुस्तकातला तक्ता पाठ करून घ्यायचे. मुले घडाघडा म्हणायची आणि आठ दिवसांनी निबंधात पुन्हा 'टू टूथ' लिहायची.

दोष मुलांचा नव्हता. तक्त्यात शब्द ए-बी-सी-डीच्या रांगेत उभे असतात, पण ते वेगवेगळ्या घराण्यांतले असतात. घराणे ओळखीचे झाले की त्यातले शब्द एकमेकांना ओढून आणतात. पुढची पद्धत त्या अनुभवानंतर बसवली आहे. आईवडिलांना ती घरी करून घेता येईल, आणि मोठेपणी इंग्रजी सुधारणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

पहिली पायरी: आधी आपल्या मराठीकडे पाहा

एकदा सहावीतल्या मुलाने विचारले, "टीचर, दात एक असला काय आणि बत्तीस असले काय, दातच ना?" प्रश्न अगदी बरोबर होता, आणि सगळ्या चुकांचे मूळ त्यातच होते.

'माझा दात दुखतो' आणि 'माझे दात दुखतात' ही वाक्ये शेजारी लिहा. 'दात' तसाच आहे. एक की अनेक, हे सांगितले 'माझा-माझे'ने आणि 'दुखतो-दुखतात'ने. ज्या पुल्लिंगी नामांच्या शेवटी आ नसतो ती मराठीत अनेकवचनी बदलत नाहीत: दात, पाय, उंदीर, चोर, पाव, पुरुष. आता यांचे इंग्रजी सोबती पाहा: टूथ, फुट, माउस, थीफ, लोफ, मॅन. आपल्याकडे जे हलत नाहीत तेच तिकडे सर्वांत जास्त रूप बदलतात. शिवाय इंग्रजीत 'माय' बदलत नाही आणि भूतकाळातले क्रियापदही बहुतेक वेळा बदलत नाही. 'माय टूथ फेल आउट', 'माय टीथ फेल आउट'. संख्येचा सगळा भार एकट्या नामावर येतो. ते चुकले तर ऐकणाऱ्याला दुसरीकडून काही कळत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी इंग्रजी शिकवूच नका. मुलाला दहा मराठी वाक्ये लिहायला सांगा आणि संख्या कोणत्या शब्दाने कळते त्याखाली रेघ मारायला लावा. मग आपल्याकडचे अनियमित शब्द काढा: मूल-मुले, पाऊल-पावले, देऊळ-देवळे, सासू-सासवा, ऊ-उवा. घरी कोंकणी असेल तर भुरगें-भुरगीं. हे त्याला कोणी तक्त्यातून शिकवलेले नाही, तरी तो चुकत नाही. इंग्रज मुलाचेही तसेच असते, हे एकदा ऐकले की पोरांच्या मनातली भीती बरीच उतरते.

दुसरी पायरी: पोटातला स्वर बदलणारे सात

मॅन-मेन, वुमन-विमिन, फुट-फीट, टूथ-टीथ, गूस-गीस, माउस-माइस, लाउस-लाइस. या घराण्यात मुळात एवढेच सात शब्द आहेत. बाकीचे यांच्यापासून झालेले जोडशब्द: फिशरमन, पोस्टमन, आयटूथ (म्हणजे सुळा) वगैरे.

यांचे असे का होते, हे मुलांना जरूर सांगा. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत या शब्दांच्या अनेकवचनाच्या शेवटी इकार असलेला प्रत्यय होता. पुढे इ उच्चारायची आहे म्हणून जीभ आधीच पुढे सरकू लागली आणि मधला उ-ओसारखा स्वर ई-एकडे ओढला गेला. कालांतराने शेवटचा प्रत्यय गळून पडला, पण ओढलेला स्वर तसाच राहिला. मुलांना मोठ्याने 'ऊ' म्हणायला लावा, मग 'ई', आणि जीभ कुठे जाते ते पाहायला सांगा. 'फुट-फीट' मग पाठ करावे लागत नाही.

यातला सर्वांत अवघड शब्द 'वुमन'. स्पेलिंगमध्ये शेवटचा ए जाऊन ई येतो, पण कानाला फरक ऐकू येतो तो पहिल्या अक्षरात: 'वुमन' आणि 'विमिन'. मुले 'वुमेन' म्हणतात, कारण डोळ्यांना ओ दिसतो. याउलट 'फिशरमन' आणि 'फिशरमेन' बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात, फरक फक्त लिहिताना. म्हणून 'वुमन' कानाने शिकवावा आणि 'फिशरमन' डोळ्याने.

इथे दोन सापळे आहेत. जर्मन, रोमन, ह्यूमन यांच्या शेवटी 'मन' ऐकू येते, पण त्यांचा 'मॅन'च्या अनेकवचनाशी संबंध नाही. ते सरळ जर्मन्स, रोमन्स, ह्यूमन्स होतात. दुसरा सापळा मला फार आवडतो. एका मुलीने 'मुंगूस'चे अनेकवचन 'माँगीस' लिहिले होते. गूसचे गीस, तर माँगूसचे माँगीस, तर्क बरोबर. पण इंग्रजीतला 'माँगूस' हा आपल्या मराठी 'मुंगूस' शब्दावरून गेलेला आहे. त्याचा हंसाशी काही संबंध नाही, म्हणून तो 'माँगूसेस' होतो. आपल्या अंगणातला शब्द इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला आहे, हे कळल्यावर तो शब्द वर्गात पुन्हा कोणाचा चुकला नाही.

फुटाबद्दल थोडे. मराठीत आपण 'पाच फूट' म्हणतो, म्हणून मुले 'फाइव्ह फुट' लिहितात. नुसती लांबी सांगताना 'फाइव्ह फीट' लिहावे. पण 'सहा फुटी भिंत' असे विशेषण झाले की इंग्रजीतही एकवचनच येते: 'अ सिक्स-फुट वॉल', मध्ये आडवी रेघ. 'टेन-रुपी नोट' आणि 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय' यांनाही हाच नियम.

तिसरी पायरी: चाइल्ड आणि पर्सन

जुन्या इंग्रजीत 'चाइल्ड'चे अनेकवचन 'चिल्द्रु'सारखे होते. ते अनेकवचन आहे हे लोकांना पुरेसे वाटेना, म्हणून पुढे त्यावर आणखी एक जुना अनेकवचनी प्रत्यय चढला, ई-एन. म्हणजे 'चिल्ड्रन' आधीच दुहेरी अनेकवचन आहे, आणि आपण 'चिल्ड्रन्स' म्हणतो तेव्हा तिसरे चढवतो. हाच ई-एन 'ऑक्सन'मध्ये, म्हणजे बैलांमध्ये, उरला आहे.

'पर्सन'चे रोजचे अनेकवचन 'पीपल'. कायद्याच्या भाषेत आणि सूचनाफलकांवर 'पर्सन्स' दिसते, तिथे ते बरोबर आहे. 'पीपल्स' म्हणजे वेगवेगळे समाज किंवा जमाती. शाळेच्या निबंधात त्याची गरज सहसा पडत नाही.

चौथी पायरी: स्वयंपाकघरात एफचा व्ही

नाइफ-नाइव्ह्झ, लोफ-लोव्ह्झ, लीफ-लीव्ह्झ, हाफ-हाव्ह्झ, शेल्फ-शेल्व्ह्झ, काफ-काव्ह्झ, वाइफ-वाइव्ह्झ, लाइफ-लाइव्ह्झ, थीफ-थीव्ह्झ, वुल्फ-वुल्व्ह्झ, सेल्फ-सेल्व्ह्झ. एफ किंवा एफ-ई जाऊन व्ही-ई-एस. शेवटचा आवाज स नाही, झेब्रातला झ आहे.

कारण मराठी शाळेतल्या मुलांना लगेच पटते, कारण त्यांनी संधी ऐकलेली असते. जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो. पुढे स्वर आला की कठोर त्-चा मृदू द् होतो. जुन्या इंग्रजीतही दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला फ मृदू होऊन व्ह व्हायचा. एकवचनात तो शब्दाच्या शेवटी होता, म्हणून फ राहिला. अनेकवचनात प्रत्ययाचा स्वर आला आणि तो मऊ झाला.

हे शब्द स्वयंपाकघरात शिकवा. सुरी हातात घेऊन 'वन नाइफ', दोन ठेवून 'टू नाइव्ह्झ'. कढीपत्त्याची पाने मोजा. लिंबू कापा: 'टू हाव्ह्झ'. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आला की पाव मोजले जातातच. मराठीत 'पाव' दोन असले तरी पावच, म्हणून मुले 'टू ब्रेड' म्हणतात. 'ब्रेड' इंग्रजीत मोजताच येत नाही. उंडे किंवा पोळे असे पोदेराचे सुटे पाव मोजायचे तर 'रोल्स' म्हणावे, आणि दुकानातली लांब ब्रेड मोजायची तर 'टू लोव्ह्झ ऑफ ब्रेड'.

पण काही शब्दांत एफचा व्ही होत नाही: रूफ-रूफ्स, क्लिफ-क्लिफ्स, रीफ-रीफ्स, चीफ-चीफ्स, शेफ-शेफ्स, प्रूफ-प्रूफ्स, बिलीफ-बिलीफ्स, सेफ-सेफ्स, हँकरचीफ-हँकरचीफ्स. यातले चीफ, शेफ, प्रूफ, सेफ हे फ्रेंचमधून आले, त्यांना ती जुनी सवय लागली नाही. 'रूफ' मात्र अस्सल इंग्रजी असूनही स घेतो. कौलारू घरांची रांग आणि काब द राम भूशिराचे कडे डोळ्यांसमोर आणून 'रूफ्स, क्लिफ्स' हे दोन शब्द आधी पक्के करावेत. स्कार्फ, हूफ, वॉर्फ या शब्दांना दोन्ही रूपे चालतात, त्यावर वेळ घालवू नये.

बोलण्यातला एक शब्द स्पेलिंगमध्ये साधा दिसतो आणि उच्चारात दगा देतो. 'हाउस' म्हणताना शेवटी स, पण 'हाउझिझ' म्हणताना दोन्ही झ. आपल्याकडे सगळे 'हाउसेस' म्हणतात. समजायला अडचण येत नाही, पण जमत असेल तर बरोबर उच्चार शिकवावा.

पाचवी पायरी: मासळी बाजार

दाताच्या उलट गोष्ट इथे दिसते. मासा-मासे मराठीत बदलतात, 'फिश' इंग्रजीत बदलत नाही. गोव्याच्या मुलाला हे समजावणे सोपे आहे, कारण त्याच्याकडे 'नुस्तें' हा शब्द आहे. आई 'नुस्तें हाडलें' (मासळी आणली) म्हणते तेव्हा एक की दहा, कोणी विचारत नाही. 'फिश'चा स्वभाव तसाच आहे. 'फिशेस' वापरतात ते वेगवेगळ्या जाती सांगताना, आणि तेही जास्त करून विज्ञानाच्या पुस्तकात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणे झाले तर टोपल्या पाहत धडा घ्या. बांगडा 'मॅकरल', दहा बांगडेही 'टेन मॅकरल'. इस्वण 'किंगफिश', दोन असले तरी तेच. पण कवचवाले बहुतेक सरळ स घेतात: सुंगटे 'प्रॉन्स', कुर्ल्या 'क्रॅब्स', तिसऱ्या 'क्लॅम्स', शिणाणे 'मसल्स'. हा पक्का नियम नाही. तारले मासेच, तरी 'सार्डीन्स', आणि मोरी 'शार्क्स'. तरीही सुरुवातीला मनात एक चौकट बसायला उपयोग होतो.

न बदलणारे प्राणी आणखी आहेत: शीप, डीअर, बायसन. गोव्याचा राज्यप्राणी गवा, त्याला इंग्रजीत 'इंडियन बायसन' म्हणतात. कळप असला तरी 'अ हर्ड ऑफ बायसन'. 'एअरक्राफ्ट' हा शब्द दाबोळीला एक विमान उभे असो की पाच, तसाच राहतो. 'सीरीज' आणि 'स्पीशीज' यांच्या शेवटी एस आहे म्हणून मुले तो काढून 'वन स्पीशी' करतात. तसे करू नये, एक असली तरी 'स्पीशीज'च.

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत मला दरवर्षी भेटणारी चूक म्हणजे 'पोर्तुगीजेस'. 'पोर्तुगीज', 'चायनीज', 'जॅपनीज' हे शब्द एक माणूस असो की सगळा देश, बदलत नाहीत. 'द पोर्तुगीज कॅप्चर्ड गोवा इन 1510', 'द पोर्तुगीज लेफ्ट इन 1961'. आपण मात्र 'गोवन्स', स लावून.

सहावी पायरी: मोजता न येणारे आणि जोडीने राहणारे

ही खरे तर अनियमित अनेकवचने नव्हेत, पण वहीत लाल शाई सर्वांत जास्त इथेच पडते. इन्फॉर्मेशन, अॅडव्हाइस, फर्निचर, लगेज, होमवर्क, इक्विपमेंट: यांना स लागत नाही. मोजायचे तर 'अ पीस ऑफ अॅडव्हाइस'.

मराठीत 'केस गळतात', 'तांदूळ धुतले', 'पोहे भिजवले' असे अनेकवचन असते. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', एकवचनी: 'माय हेअर इज लाँग'. जेवणात एखादा केस सापडला तर तेवढ्यापुरता 'अ हेअर'. 'राइस'ही एकवचनी. चष्म्याचे उलटे आहे. मराठीत एक चष्मा, इंग्रजीत 'माय ग्लासेस आर ऑन द टेबल'. 'सिझर्स' आणि 'ट्राउझर्स' त्याच वाटेने जातात. 'न्यूज'च्या शेवटी एस असून ती एकवचनी, आणि 'पोलीस'च्या शेवटी अनेकवचनाचा एस नसूनही तो अनेकवचनी: 'द पोलीस आर हिअर'.

आपण मराठीत 'एक शूज' किंवा 'एक सॉक्स हरवला' म्हणतो, म्हणून इंग्रजी बोलताना जीभ तिथेच अडखळते. एक असेल तर 'शू', 'सॉक'. पण कॅमेऱ्याची 'लेन्स' एकच आहे, तिच्या शेवटचा एस मूळचा आहे. दोन झाल्या तर 'लेन्सेस'.

सातवी पायरी: आठवीपासून लॅटिन आणि ग्रीक

पाचवी-सहावीच्या मुलाला हे देऊ नका, त्याच्या कामाचे नाही. विज्ञान आणि गणित वाढले की मग एका पुस्तकातून एका शेपटीचे सगळे शब्द गोळा करायला सांगा.

'इस' शेवटी असेल तर 'ईझ': क्रायसिस-क्रायसीझ, अनॅलिसिस-अनॅलिसीझ, हायपॉथिसिस-हायपॉथिसीझ. स्पेलिंगमध्ये फक्त आयचा ई होतो, पण उच्चार लांबतो. 'ऑन'चा 'आ': क्रायटेरिअन-क्रायटेरिया, फिनॉमिनन-फिनॉमिना. 'धिस क्रायटेरिया' हे मोठमोठ्या भाषणांतही ऐकू येते, ते 'धिस क्रायटेरिअन' किंवा 'दीज क्रायटेरिया' हवे. 'अम'चा 'आ': बॅक्टेरिअम-बॅक्टेरिया. 'अस'चा 'आय': रेडिअस-रेडिआय, न्यूक्लिअस-न्यूक्लिआय, फंगसचेही तसेच. शेवटी ए असेल तर ए-ई: लार्व्हा-लार्वी, 'फॉर्म्युला'ला 'फॉर्म्युली' आणि 'फॉर्म्युलाझ' दोन्ही. इंडेक्स, अपेंडिक्स, मेट्रिक्स यांचे अनेकवचन 'सीझ' या उच्चाराने संपते, पण 'इंडेक्सेस'ही चालते.

पण शेवटी 'अस' दिसला म्हणून 'आय' लावत सुटू नये. 'व्हायरस'चे 'व्हायरसेस', 'ऑक्टोपस'चे 'ऑक्टोपसेस'. 'ऑक्टोपस' मुळात ग्रीक शब्द आहे. आणि 'बस' हा 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचा कापून उरलेला शेवट. त्या शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी', आणि लॅटिनमध्ये तो स्वतःच अनेकवचनी आहे. आपण गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या 'बसेस' म्हणतो ते अगदी बरोबर.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याआधी हेही सांगून ठेवा: 'मी या शाळेची अलम्नाय' असे कोणी एकटे असत नाही. मुलगा 'अलम्नस', मुलगी 'अलम्ना', सगळे मिळून 'अलम्नाय'. 'अजेंडा' मूळचा लॅटिन अनेकवचनी असला तरी इंग्रजीत आता एकवचनी आहे, ग्रामसभेच्या दोन बैठकांचे दोन 'अजेंडाझ'.

आठवी पायरी: जोडशब्द आणि मालकी

आपल्या जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी या सगळ्यांना इंग्रजीत एकच 'सिस्टर-इन-लॉ'. त्या अनेक झाल्या की स मुख्य शब्दाला लागतो: 'सिस्टर्स-इन-लॉ'. तसेच 'पासर्स-बाय'. पण 'चीफ मिनिस्टर'मध्ये मुख्य शब्द 'मिनिस्टर' आहे, म्हणून 'चीफ मिनिस्टर्स'.

मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह (’) कुठे येते ते नीट पाहा. 'बॉइज'सारख्या शब्दात ते एसनंतर येते, पण 'चिल्ड्रन' आणि 'विमिन' आधीच अनेकवचनी आहेत, म्हणून चिन्ह आधी आणि एस नंतर. पाट्या रंगवताना हे चिन्ह सतत चुकीच्या जागी पडते. मुलांना रस्त्यावर अशा पाट्या शोधायला सांगा.

रोज किती, कसे

रोज दोन शब्द, दहा मिनिटे. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य लिहा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नुसता शब्द लिहू नका. नुसत्या 'दात' शब्दावरून संख्या कळत नाही, वाक्यावरून कळते. मुलाने आधी मोठ्याने म्हणावे, मग लिहावे. तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी तीच कार्डे पुन्हा काढा. शंका आली तर शब्दकोश उघडा. चांगल्या शब्दकोशात अनियमित अनेकवचन मूळ शब्दाला लागूनच दिलेले असते. काही दिलेले नसेल तर स लावून पुढे जा. आंबा-बटाट्यासारखे ओने संपणारे शब्द मात्र तिथेच तपासा: 'पोटॅटो'ला ई-एस, 'फोटो'ला नुसता एस.

महिन्यानंतर ही सहा वाक्ये तोंडी द्या. माझे दोन दात पडले. आईने चार बांगडे आणले. बायका देवळात बसल्या होत्या. उंदीर फळ्यांवरून पळाले. माझे केस ओले आहेत. पोलीस आले आहेत.

उत्तरे अशी यायला हवीत: टू ऑफ माय टीथ फेल आउट. मदर ब्रॉट फोर मॅकरल. द विमिन वेअर सिटिंग इन द टेम्पल. द माइस रॅन अक्रॉस द शेल्व्ह्झ. माय हेअर इज वेट. द पोलीस हॅव कम. पहिल्या आणि चौथ्या वाक्यात अडखळले तर पहिल्या पायरीवर परत जा, पाचव्या-सहाव्यात अडखळले तर फक्त सहावी पायरी पुन्हा घ्या.